सगळ्यांत लहान जिताडा

नेकारसुल्म,
११ जानेवारी २०२५

ती. स्व. बाबांना,
स्वरूपाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं डिसेंबरातलं पत्र बारा दिवसांनी पोचलं. पाकीट कुणीतरी फोडून पुन्हा चिकटवलेलं होतं आणि तुम्ही घातलेली वेलदोड्यांची पुडी गायब होती. पत्र कुणी वाचलं असेल असं मात्र वाटत नाही. नीतावन्सं सांगतात की तुमचं अक्षर शाळेतल्या पोरांनाही लागत नव्हतं, मग इथल्या कस्टमवाल्याची काय कथा?

थंडी उणे सहावर आहे. मैथिली दहावीतल्या मुलीसारखी नाही, म्हातारीसारखी तीन स्वेटर घालून शाळेत जाते. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर जर्मनमध्येच देते, पण आजोबांचं पत्र आलं की पाकिटावरची तिकिटं आधी तिला हवी असतात.

गौरांगचं नव्या नोकरीत नक्की काय चालतं, असं तुम्ही विचारलंत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तो स्वतः लिहीत नाही, म्हणून मीच सविस्तर सांगते. त्याचे मालक हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रुकमान यांचं पूर्वी टोमॅटोचं काचघर होतं. त्या काचेखाली आता त्यांनी तळं केलंय, तुमच्या शाळेच्या मैदानाएवढं. शेजारच्या गोबरगॅस प्लांटमधली वाया जाणारी ऊब पाइपांनी पाण्यात सोडतात. बाहेर बर्फ असतं आणि आत अठ्ठावीस डिग्री पाण्यात तुमचा जिताडा! इथे त्याला बारामुंडी म्हणतात. लोक पास काढून गळ टाकायला येणार आणि मिळालेला मासा घरी नेणार. ईस्टरला उद्घाटन आहे, त्या चार दिवसांचे सगळे पास आत्ताच संपलेत.

गेल्या मे महिन्यात चार हजार पिल्लं सोडली. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी गौरांग गळाने तीस मासे काढतो, त्यांची लांबी-वजन घेतो, परत सोडतो आणि सरासरी आमच्या फ्रीजवरच्या आलेखात भरतो. ऑगस्टात दोनशे ग्रॅम होती. ऑक्टोबरात पाचशे. गेल्या शनिवारी एक किलो शंभर! आठ महिन्यांत एकही मेलेला मासा तरंगून वर आला नाही. खाद्याचं एक पोतं सहा-सहा दिवस पुरतं. ब्रुकमान खूश आहेत. इथल्या पेपरात गौरांगचा फोटो आला, खाली लिहिलं होतं की हेर घरत यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हा मासा वाढवतात. सात समुद्र ओलांडून मुलगा शेवटी बापाच्याच धंद्याला लागला, असं मी त्याला चिडवते.

तरी मला भीती वाटते, बाबा. आधीची कंपनी अशीच छान चालली होती आणि एका सोमवारी त्याला घरी पाठवलं. आता इथे राहण्याचा परवाना या नोकरीला बांधलेला आहे. कायम राहण्याचा अर्ज परवान्यांच्या ऑफिसात पडून आहे. मध्येच नोकरी गेली, तर तीन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर निघायचं. मैथिलीला तिथे आणून कुठल्या वर्गात बसवू, याचा विचार मनात आला की हातातलं काम थांबतं. तुमच्या तळ्यात जिताडा इतका भराभर वाढतो का? वाढत असेल तर तसं लिहा, म्हणजे मला बरं वाटेल.

तब्येत सांभाळा. आमच्यावरची माया अशीच असू द्या.

तुमची,
स्वरूपा


पोयनाड,
२३ जानेवारी २०२५

चि. सौ. स्वरूपा हिस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. वेलदोडे गेले त्याचं दुःख नाही, ज्याने घेतले त्याचा चहा तरी चांगला होईल. माझ्या अक्षराला नावं ठेवणाऱ्या नीताला मीच बाराखडी शिकवली, याची तिला आठवण करून दे.

तुम्हा पुणेकरांना जिताड्याची किंमत कधी कळली नाही. लग्न ठरलं तेव्हा आमच्या खारेपाट भागाच्या रीतीप्रमाणे तळ्यातला सगळ्यांत मोठा जिताडा मी तुझ्या वडिलांकडे पाठवला होता. इथे साहेबांना, व्याह्यांना, जावयाला मान द्यायचा तो जिताड्याने. तुझ्या आईने तो गॅलरीत बादलीखाली झाकून ठेवला आणि संध्याकाळी भांडीवालीला देऊन टाकला. मला हे कळायला चार वर्षं लागली. असो. मी माफ केलं आहे, पण विसरलो नाही.

आता तू विचारलंस त्याबद्दल. तुला बरं वाटेल असं लिहावं म्हणून दोन दिवस पेन हातात धरून बसलो होतो. जमत नाही.

माझ्या तळ्यात आठ महिन्यांचा जिताडा अर्ध्या किलोच्या वर क्वचित जातो. ज्या वर्षी एखादा किलोचा झाला, त्या वर्षी त्याने भावंडं खाल्लेली होती. हा मासा स्वतःच्या जातीला सोडत नाही. त्याच्या तोंडात मावेल ते त्याचं अन्न. म्हणून पहिले तीन-चार महिने आम्ही सारखी जाळी ओढून निवड करतो. मोठी एका तळ्यात, धाकटी दुसऱ्या तळ्यात. निवड केली नाही, तर चार हजारांतून थोडेच उरतात, आणि जे उरतात ते फार सुंदर दिसतात.

मेलेला मासा वर आला नाही, हे वाचून मला घाम फुटला. चार हजार जीव आठ महिने जगतात आणि त्यांतला एकही मरत नाही? आणि किलो-किलोचे चार हजार मासे असते तर त्यांनी दिवसाला दोन पोती संपवली असती. एक पोतं सहा दिवस पुरतं म्हणजे खाणारी तोंडं किती, ते मी लिहीत नाही.

गळाला येतो तो दांडगा मासा. त्या तिसांचं वजन मला सांगू नकोस. त्या तळ्यातला सगळ्यांत लहान जिताडा केवढा आहे, एवढं गौरांगला विचार. शांतपणे विचार, जेवण झाल्यावर विचार. पोटात अन्न असलं की तो कमी चिडतो, लहानपणापासूनची खोड आहे.

मैथिलीसाठी यावेळी पाच वेगवेगळी तिकिटं लावली आहेत. पोस्टमास्तर कुरकुरला. तुम्हा तिघांची काळजी लागून आहे, तेवढं समजून घ्या.

तुझे,
बाबा


नेकारसुल्म,
५ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र शनिवारी मिळालं. जेवण झाल्यावरच विचारलं. वरणभात, बटाट्याची भाजी, वर दही. तरी तो चिडला.

आधी म्हणाला की तीस हा नमुना पुरेसा असतो, कारखान्यात हजार भागांमागे तो एवढेच तपासायचा. मी म्हटलं की कारखान्यातले भाग एकमेकांना खात नाहीत. नंतर त्याने वही काढली. पहिल्या महिन्यांच्या नोंदींत साठ-सत्तर ग्रॅमचे मासे होते. सप्टेंबरनंतर लहान आकड्यांचे रकाने रिकामे झालेत. गेल्या शनिवारी सगळ्यांत लहान मासा होता नऊशे चाळीस ग्रॅमचा. तो म्हणाला की सगळेच वाढले, म्हणून लहान दिसत नाहीत. म्हणताना माझ्याकडे बघत नव्हता.

रविवारी मी स्वतः तळ्यावर गेले. मैथिलीला सोबत नेलं, कारण एकटीने जायचा धीर होईना. आत गेल्याबरोबर चष्म्यावर वाफ धरली. पाणी हिरवं, हातभर खालचंही दिसत नाही. गौरांगने काठाकाठाने चालत खाद्य टाकलं. एका कोपऱ्यात पाणी उसळलं, इतकं जोरात की मी मागे सरले. बाकीच्या तळ्यावर दाणे तसेच तरंगत राहिले. एवढं मोठं पाणी, आणि त्यात हालचाल फक्त त्या एका कोपऱ्यात. बाबा, मला पाण्याची भीती कधी वाटली नव्हती. त्या दिवशी वाटलं की आपण एका रिकाम्या घराच्या दारात उभे आहोत आणि सगळे म्हणताहेत की आत माणसं आहेत.

घरी आल्यावर तो खरं बोलला. तुमच्या तळ्यावरची निवड त्याने कधी पाहिलीच नाही. त्याला आठवतं ते मे महिन्यातलं तळं, मोठाले मासे, बघायला जमलेला गाव. ब्रुकमानांनी मुलाखतीत विचारलं तेव्हा जन्मापासून सगळं येतं असं सांगून तो मोकळा झाला. आपल्या घरचाच मासा, त्यात न येण्यासारखं काय, असं त्याला तेव्हा खरंच वाटलं होतं.

आता त्याने एक उपाय काढलाय. ब्रुकमान दोन आठवडे स्कीइंगला जाताहेत. तेवढ्यात पंधराशे नवी पिल्लं मागवायची आणि शनिवारी, बावीस तारखेला, गुपचूप सोडायची. म्हणजे संख्या भरून निघेल, मग ईस्टरनंतर बघू, असं त्याचं म्हणणं. मला हे बरोबर वाटत नाही. पण नको म्हणायला लागले की मैथिलीच्या खोलीचा दरवाजा दिसतो. तिने नुकतीच भिंत स्वतः रंगवली आहे, पिवळी.

तुम्हाला काय वाटतं ते लगेच लिहा. आणि शपथ आहे, नीतावन्संना यातलं काही कळू देऊ नका. त्या तासाभरात त्याला फोन करतील, आणि मी त्याच्या मागे तळ्याचं सगळं तुम्हाला लिहिते हे कळलं तर तो माझ्याशीही बोलायचा बंद होईल.

भिऊन लिहिलंय, समजून घ्या. आशीर्वादाचा हात काढू नका.

तुमची,
स्वरूपा


पोयनाड,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. स्वरूपा हिस,
अ. उ. आ.

पत्र आत्ता, साडेअकराला मिळालं. जेवायच्या आधी उत्तर लिहितो आहे.

नवी पिल्लं सोडू देऊ नकोस. काही झालं तरी नको. त्या तळ्यात आज किलो-दीड किलोचे जिताडे आहेत. त्यांच्यापुढे बोटभर पिल्लं म्हणजे पानात वाढल्यासारखं आहे. पंधराशे असोत की पंधरा हजार, आठवड्यात एक दिसणार नाही.

हे पत्र तुला बावीसच्या आत मिळणार नाही, हे मला कळतं. म्हणून पत्र अर्धवट ठेवून नीताकडे गेलो. तिला सांगून फोन करवावा असं ठरवून गेलो होतो. तिने चहा ठेवला, पोहे केले. तिचा सुमित परीक्षेचं सांगत होता. मी अर्धा तास बसलो आणि तुझी शपथ आठवून तसाच परत आलो. रस्त्यात दोनदा थांबलो. बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही. मुलाच्या संसारात सासऱ्याने कुठवर पाय घालावा, हे मला कुणी शिकवलं नाही.

दोष त्याचा एकट्याचा नाही. निवडीचे दिवस यायचे जुलै-ऑगस्टात, शाळा भरात असताना. तो मागे यायचा, मी हाकलून द्यायचो. चिखलात उभं राहून तुला काय कलेक्टर व्हायचंय, असं म्हणायचो. हेडमास्तरांच्या मुलाने तळ्यात उतरलेलं मला चारचौघांत बरं दिसत नसे. मे महिन्यात मात्र मोठा मासा निघाला की त्याला सगळ्यांपुढे उभा करायचो. त्याने जे पाहिलं तेच तो सांगणार.

ब्रुकमानांना सांगायला सांग. मालक रागावेल. पण माणूस रागावून थांबतो, तळं थांबत नाही.

हे पत्र गौरांगला दाखवायचं की नाही, ते तू ठरव. मला रात्री झोप लागत नाही, असं मी लिहीत नाही, तू लगेच काळजी करशील. तुम्ही सुखरूप आहात एवढी एक ओळ पाठव.

तुझे,
बाबा


नेकारसुल्म,
२ मार्च २०२५

ती. स्व. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल आलं. बावीस तारीख होऊन सात दिवस झाले होते. तुम्ही नीतावन्संकडून तसेच परतलात ते माझ्या शपथेमुळे. हे मी कुणाला सांगू?

काय झालं ते लिहिते. शनिवारी सकाळी पिल्लं आली, पाण्याने आणि हवेने फुगवलेल्या पिशव्यांतून. आम्ही तिघं गेलो. पिशव्या आधी तासभर पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग गौरांगने एकेक सोडायला सुरुवात केली. पहिल्या पिशवीतली पिल्लं चांदीच्या चुऱ्यासारखी पसरली. मैथिली खाली वाकून बघत होती.

मग आवाज सुरू झाले. कुणी पाण्याखालून टाळी वाजवावी तसा, बद्द आवाज. एक, मग दुसरा, मग तळ्याच्या सगळ्या बाजूंनी. पाण्यावर काही दिसत नव्हतं, नुसती भोवऱ्यासारखी वळणं उठत होती आणि विरत होती. त्या कोपऱ्यातले सगळे इकडे आले होते. मला कळलं. गौरांगला माझ्याआधी कळलं असणार, तरी त्याचे हात चालूच राहिले. दुसरी पिशवी, तिसरी, चौथी. जणू पुरेशी ओतली तर मध्येच कुठेतरी ते थांबतील.

मैथिलीने त्याचा हात धरला. ओरडून म्हणाली की त्यांना खाताहेत, पपा, थांब. मराठीत म्हणाली, बाबा. किती महिन्यांनी तिच्या तोंडून सबंध मराठी वाक्य ऐकलं, ते हे. शेवटची पिशवी तिने त्याच्याकडून ओढून घेतली. त्यातली तीनशेएक पिल्लं आता फिल्टरच्या खोलीतल्या टाकीत आहेत.

त्यानंतर आठवडाभर तो कामावर गेला, आला, जेवला. फ्रीजवरचा आलेख त्याने काढला नाही आणि मीही काढला नाही. पोस्टाची पेटी वाजली तरी दचकायचा. मला सगळ्यांत जास्त भीती त्या शांतपणाची वाटत होती. नोकरी जाईल, घर जाईल, हे मागे पडलं. हा माणूस असाच आतल्या आत कुठे निघून जाईल असं वाटायचं.

म्हणून आज दुपारी तुमचं पत्र त्याच्या हातात दिलं. आधीचंही दिलं, जानेवारीतलं. तो स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचत होता. दोनदा वाचलं. मी काही विचारायच्या आत जॅकेट घालून बाहेर पडला. फोन टेबलावरच राहिला. त्याला आता दोन तास होऊन गेले. मैथिली खिडकीपाशी उभी आहे, मध्येच घड्याळ बघते. मी हे लिहितेय ते हाताला काहीतरी काम हवं म्हणून. बाहेर पाऊस आहे आणि त्याने टोपी नेलेली नाही.

तुम्ही त्याला हाकलून द्यायचात ते वाचून मला रडू आलं. तो या गोष्टीबद्दल कधीच बोलला नव्हता.

आला. भिजून चिंब. ब्रुकमानांच्या घरी गेलो होतो, एवढंच म्हणाला. पुढचं तुम्हाला तो स्वतः लिहिणार आहे म्हणे, म्हणून मी इथे थांबते. आम्ही सुखरूप आहोत, बाबा, तुम्ही मागितलेली ती ओळ ही. झोपत जा. एवढं माझ्यासाठी करा.

तुमची,
स्वरूपा


नेकारसुल्म,
१६ मार्च २०२५

ती. बाबांना,
गौरांगचा सा. न. वि. वि.

वसतिगृहातून तीन ओळींची कार्डं पाठवायचो, त्यानंतरचं हे पहिलं पत्र. दोन आठवडे रोज सुरुवात करून फाडत होतो. मैथिली म्हणाली की कागद वाया घालवतोस, एकदा वाईट लिही पण लिही.

त्या रविवारी ब्रुकमानांकडे कॉफी-केकची वेळ होती. स्कीइंगहून आदल्या दिवशीच परतले होते. बायकोने आत बोलावलं, पण माझे बूट ओले होते, म्हणून पायपुसण्यावर उभं राहूनच सगळं सांगितलं. नवी पिल्लं चोरून सोडली, तेही सांगितलं. ते आल्झो म्हणाले, म्हणजे आपलं ‘असं होय’. मग एकच विचारलं, किती उरले. मी म्हटलं, माहीत नाही. या नोकरीत पहिल्यांदा मी ते दोन शब्द बोललो.

दुसऱ्या आठवड्यात पाणी कमरेइतकं उतरवलं. ते आणि मी दोघंही रबरी पँट चढवून आत उतरलो आणि जाळं ओढलं. दोनशे सतरा निघाले. सगळ्यांत मोठा दोन किलो तीनशे. त्याला हातात धरून ते म्हणाले की सुंदर आहे, आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. तुम्ही लिहिलं होतंत तसेच सुंदर होते सगळे.

ईस्टरचं उद्घाटन रद्द झालं. फाटकावर सूचना लावली आहे, चूक कुणाची हे तिच्यात लिहिलंय आणि खाली माझी सही आहे. पास काढलेले लोक येऊन वाचतात. काही जण काचेतून माझ्याकडे बोट दाखवतात. पेपरातला फोटो ज्यांनी पाहिला होता, तेच असणार. परवा शुक्रवारी ब्रुकमानांनी निर्णय सांगितला. ऑक्टोबरपर्यंत मला ठेवतील. तळ्याचे जाळीने चार भाग करायचे आणि नवी पिल्लं घ्यायची. ऑक्टोबरात मोजणी होईल, त्यावर पुढचं. परवान्यांच्या ऑफिसला त्यांनी तसं पत्र दिलं. अर्ज अजून अडकलेलाच आहे. स्वरूपा घाबरलेली आहे, मीही आहे, पण आता एकमेकांसमोर घाबरतो.

एक सांगायचं राहिलं. जानेवारीपासून छातीत सारखी धडधड व्हायची. मला वाटायचं नोकरीची भीती आहे, परवान्याची आहे. स्वरूपाने तुमची पत्रं दिली तेव्हा कळलं की तुम्हाला तेवीस जानेवारीलाच सगळं समजलं होतं. मी तुमच्या तळ्याचं नाव सांगून खोटं बोललो, हेही समजलं होतं. पत्रात कुठेतरी त्याबद्दल एक वाकडा शब्द असेल म्हणून मी दुसऱ्यांदा वाचलं. तो नव्हता. ब्रुकमानांच्या घराची बेल दाबताना भीती वाटत होती, नाही असं नाही, पण ती धडधड नव्हती. ज्या माणसाला कळू नये म्हणून मी इतके महिने लपत होतो, त्याला कळून गेलं होतं आणि तो माझ्यासाठी भर उन्हात नीताच्या घरापर्यंत जाऊन आला होता.

तुम्ही हाकलून द्यायचात त्याचं मला तेव्हा वाईट वाटायचं. आता वाटत नाही, हे खोटं होईल. थोडं वाटतं.

नवी पिल्लं दहा एप्रिलला येतात. निवड कशी करायची ते लिहा. कधी सुरू करायची, जाळं कुठून ओढायचं, कुठलं पिल्लू कुठल्या बाजूला टाकायचं, सगळं. मला काहीच येत नाही असं धरून पहिल्यापासून लिहा.

तुमचा,
गौरांग